लिनक्सवर गेम खेळताना: नेटिव्ह पोर्ट निवडावा की प्रोटॉन?

उबंटू, फेडोरा, मिंट अशी एखादी लिनक्स डिस्ट्रो (लिनक्सची तयार आवृत्ती) बसवून झाली आणि स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आपली जुनी खेळांची यादी उघडली, की नवागताचा पहिला गोंधळ सुरू होतो. काही खेळांच्या पानावर विंडोजच्या चिन्हाशेजारी लिनक्सचे, म्हणजे स्टीमओएस या स्टीमच्या लिनक्सचे, चिन्ह असते; बहुसंख्य खेळांवर ते नसते; आणि तरीही त्या दुसऱ्या गटातले पुष्कळ खेळ ‘इन्स्टॉल’ दाबताच उतरतात आणि चालूही लागतात. पहिल्या गटातल्या खेळांना नेटिव्ह पोर्ट म्हणतात, तर दुसऱ्या गटातले खेळ कम्पॅटिबिलिटी लेअरच्या आधाराने चालतात. नेटिव्ह म्हणजे उत्तम आणि लेअर म्हणजे तडजोड, हा समज सर्वत्र आढळतो. तो निम्माच खरा आहे, आणि कोणत्या खेळाच्या बाबतीत तो खरा मानावा हे ओळखण्याची रीत पुढे क्रमाने दिली आहे.

आधी फरक समजून घ्यावा

खेळाचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, ज्यांच्या हाती आहे, त्यांनी किंवा त्यांनी नेमलेल्या कंपनीने तो लिनक्ससाठी जुळवून पुन्हा कंपाइल केला, म्हणजे नेटिव्ह पोर्ट तयार होतो. त्यात खिडकी, कीबोर्ड आणि गेमपॅड यांसाठी बहुधा एसडीएल ही लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरलेली असते आणि ग्राफिक्स कार्डाकडून चित्रण करवून घेण्यासाठी ओपनजीएल किंवा व्हल्कन ही आज्ञाप्रणाली. कम्पॅटिबिलिटी लेअरमध्ये मात्र विंडोजसाठी बनलेली फाइल जशीच्या तशी वापरली जाते. १९९३ मध्ये सुरू झालेला वाइन हा प्रकल्प या कामाचा पाया आहे. वाइन एम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या यंत्राची नक्कल करणारा कार्यक्रम, नाही. खेळातल्या सूचना प्रोसेसर थेटच पाळतो, फक्त खेळ विंडोजकडे ज्या मागण्या करतो (ही फाइल उघड, इतकी मेमरी दे, ही खिडकी दाखव) त्या वाइनच्या लायब्ररी लिनक्सच्या सोयी वापरून पुऱ्या करतात. म्हणूनच त्यात एम्युलेटरसारखा प्रचंड वेग खर्ची पडत नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीने कोडवीव्हर्स या कंपनीच्या साथीने प्रोटॉन आणला. प्रोटॉन म्हणजे खेळांसाठी घडवलेला वाइन आणि त्याच्या जोडीला दोन महत्त्वाचे भाग: विंडोजच्या डायरेक्ट थ्रीडी या चित्रणाच्या आज्ञाप्रणालीच्या ९, १० आणि ११ या आवृत्त्यांतील आज्ञा व्हल्कनमध्ये उतरवणारा डीएक्सव्हीके, आणि १२ साठी तेच काम करणारा व्हीकेडी३डी-प्रोटॉन. वेगाचा खरा प्रश्न चित्रणाच्या या भाषांतरातच असतो, आणि तो या दोन प्रकल्पांनी इतका सोडवला आहे, की घाईघाईने ओपनजीएलवर नेलेला जुना पोर्ट अनेकदा त्याच खेळाच्या प्रोटॉनवरील आवृत्तीपेक्षा मंद चालतो.

दोन्हींमधली रेषा वाटते तितकी ठळकही नाही. ‘द विचर २’ हा खेळ २०१४ मध्ये लिनक्सवर आला तेव्हा त्याच्या पानावर लिनक्सचे चिन्ह होते, पण व्हर्च्युअल प्रोग्रॅमिंग या कंपनीने तो आपल्या ईऑन नावाच्या भाषांतर-तंत्राने चालवला होता. सुरुवातीला त्याची गती निराशाजनक होती आणि पुढच्या अपडेटनंतर ती सुधारली. दुकानातले चिन्ह एवढेच सांगते, की विक्रेत्याने लिनक्ससाठी काहीतरी दिले आहे. ते काय आहे आणि आज कोणत्या अवस्थेत आहे, हे चिन्हावरून कळत नाही.

पोर्टची अवस्था कळण्यासाठी थोडा इतिहास उपयोगी पडतो. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या लोकी सॉफ्टवेअरने लिनक्सवर व्यावसायिक खेळ आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न केला आणि काही वर्षांतच ती कंपनी बंद पडली. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आल्यानंतर फेरल इंटरॅक्टिव्ह आणि ॲस्पायर यांसारख्या कंपन्यांनी मोठमोठे खेळ पोर्ट केले. प्रोटॉननंतर हा ओघ आटला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हे व्हॉल्वचे लिनक्सवर चालणारे, हातात धरून खेळायचे यंत्र बाजारात आल्यावर बहुतेक स्टुडिओंनी स्वतंत्र पोर्ट करण्याऐवजी आपला विंडोजचा खेळ प्रोटॉनवर नीट चालतो ना, एवढेच पाहणे पत्करले. परिणामी आज मोठ्या खेळांचे जे पोर्ट यादीत दिसतात, त्यांतले पुष्कळसे २०१३ ते २०१९ या काळातले आहेत.

पहिली पायरी: यंत्राची तयारी

खेळ चालत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या नवागतांच्या बाबतीत दोष बहुतेक वेळा प्रोटॉनमध्ये नसतो, तर ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये असतो. एएमडी आणि इंटेलच्या कार्डांसाठी लागणारे मेसा ड्रायव्हर डिस्ट्रोसोबतच येतात. ते ताजे ठेवणे पुरेसे आहे. एनव्हिडियाचे कार्ड असेल तर डिस्ट्रोच्या ड्रायव्हर व्यवस्थापकातून कंपनीचा ड्रायव्हर बसवावा.

यानंतर आपले कार्ड व्हल्कन १.३ चालवू शकते का, हे तपासावे. डीएक्सव्हीकेच्या २.० आणि पुढील आवृत्त्यांना, म्हणून प्रोटॉन ८ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांना, ते आवश्यक आहे. आपल्याकडे घरोघरी असलेल्या जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत हा मुद्दा निर्णायक ठरतो. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या आणि पुढच्या प्रोसेसरांतील ग्राफिक्सला अडचण नसते. चौथ्या आणि पाचव्या पिढीत व्हल्कनचा आधार अपुरा आहे. एनव्हिडियाच्या ६०० आणि ७०० मालिकेतील बहुतेक कार्डे ४७० क्रमांकाच्या ड्रायव्हरपाशीच थांबलेली असल्यामुळे तीही १.३ पर्यंत पोचत नाहीत. अशा यंत्रावर प्रोटॉन ७ सारखी जुनी आवृत्ती निवडावी, आणि तिथे नेटिव्ह पोर्टला खरोखर पहिला मान द्यावा, कारण ओपनजीएलवर बेतलेला पोर्ट जुन्या कार्डावरही चालतो.

स्टीम शक्यतो डिस्ट्रोच्या नेहमीच्या पॅकेजमधून किंवा व्हॉल्वच्या डेब फाइलमधून बसवावे. उबंटूच्या सॉफ्टवेअर दुकानात मिळणाऱ्या स्नॅप पॅकेजमुळे विचित्र अडचणी उद्भवत असल्याचे अनुभव पुष्कळ आहेत. फ्लॅटपॅक या दुसऱ्या पॅकेज-प्रकारातील स्टीम बरे चालते, मात्र त्याच्या फाइली वेगळ्या फोल्डरात असतात आणि दुसऱ्या डिस्कवर खेळ ठेवायचे असतील तर त्याला वेगळी परवानगी द्यावी लागते.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असणाऱ्यांना एक मोह हमखास होतो: डिस्कच्या एनटीएफएस या विंडोजच्या धाटणीच्या विभागात आधीच उतरवलेले खेळ लिनक्सच्या स्टीमला तिथूनच दाखवायचे. हे टाळावे. प्रोटॉन प्रत्येक खेळासाठी जे फोल्डर तयार करतो, त्यात सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) असतात आणि कोलनचे चिन्ह असलेली नावेही असतात. एनटीएफएसवर त्यांचा घोळ होतो आणि खेळ काहीही न सांगता बंद पडतो. लिनक्सच्या धाटणीचा ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस विभाग करून खेळ तिथे नव्याने उतरवावेत.

दुसरी पायरी: विकत घेण्यापूर्वीची चौकशी

ऑनलाइन खेळ असेल तर सर्वांत आधी अँटी-चीटची, म्हणजे खेळातील फसवणूक पकडणाऱ्या प्रोग्रॅमची, चौकशी करावी, कारण इथे पोर्ट की प्रोटॉन ही चर्चाच निरर्थक ठरू शकते. ‘व्हॅलोरंट’मधील व्हॅनगार्ड हा अँटी-चीट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सर्वांत आतल्या गाभ्यात, ड्रायव्हर म्हणून बसतो. वाइन आणि प्रोटॉन वापरकर्त्याच्या पातळीवर काम करतात. त्यांच्याखाली विंडोजचा कर्नल नसतोच, तेव्हा असा ड्रायव्हर बसायला जागाच नसते. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांनी मात्र सप्टेंबर २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी आधार जाहीर केला, तोही या अटीवर की प्रत्येक खेळाच्या निर्मात्याने तो स्वतः सुरू करावा. म्हणजे निर्णय तांत्रिक कमी आणि धोरणाचा अधिक. ‘फोर्टनाइट’ने तो सुरू केला नाही. ‘एपेक्स लेजंड्स’ने सुरू केला आणि ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस लिनक्सवरील खेळाडूंना पुन्हा बंदी घातली. ‘जीटीए ५’च्या ऑनलाइन भागात सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय आल्यावर तोही लिनक्सवरून खेळता येईनासा झाला, जरी कथेचा एकट्याने खेळायचा भाग सुरू राहिला. जो खेळ आपण मित्रांबरोबर रोज खेळणार आहोत, त्याची आजची स्थिती ‘आर वी अँटी-चीट येट’ या संकेतस्थळावर पाहूनच पैसे मोजावेत, आणि निर्माता उद्या मत बदलू शकतो हेही गृहीत धरावे.

एकट्याने खेळायच्या खेळांसाठी प्रोटॉनडीबी हे संकेतस्थळ पाहावे. तिथे खेळाडूंनी आपले यंत्र, ड्रायव्हर आणि प्रोटॉनची आवृत्ती यांसह अनुभव नोंदवलेले असतात आणि त्यावरून प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ किंवा बोर्क्ड अशी श्रेणी ठरते. श्रेणीपेक्षा अलीकडच्या नोंदी वाचणे जास्त उपयुक्त आहे. आपल्यासारखे कार्ड असलेल्या माणसाने गेल्या काही महिन्यांत काय लिहिले, एवढे पाहिले तरी पुरते. स्टीमच्या पानावरील डेकसाठीचा ‘व्हेरिफाइड’ शिक्काही विचारात घ्यावा, पण छोट्या पडद्यावरची अक्षरे आणि गेमपॅडची सोय यांचाही त्यात विचार असल्यामुळे शिक्का नसलेला खेळ डेस्कटॉपवर उत्तम चालू शकतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० सालचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ घ्या: विंडोज आणि कन्सोलसाठी बनलेला, लिनक्सचा पोर्ट नसलेला, एकट्याने खेळायचा आणि अँटी-चीटशी संबंध नसलेला. प्रोटॉनचे खरे कार्यक्षेत्र अशाच खेळांचे आहे.

लिनक्सचे चिन्ह असलेल्या खेळाबाबत चौकशी वेगळी. पोर्ट मूळ स्टुडिओने केला आहे की बाहेरच्या कंपनीने, आणि विंडोजच्या आवृत्तीला अपडेट मिळते तेव्हा लिनक्सलाही त्याच दिवशी मिळते का, हे दोनच प्रश्न विचारावेत. ‘फॅक्टोरियो’, ‘स्टारड्यू व्हॅली’, ‘डोटा २’ यांचे पोर्ट निर्मात्यांच्या स्वतःच्या देखरेखीखाली आहेत आणि तिथे प्रोटॉनचा विचार करण्याचेही कारण नाही. ‘सिव्हिलायझेशन ६’ मात्र विंडोजवर ऑक्टोबर २०१६ मध्ये आला आणि ॲस्पायरचा लिनक्स पोर्ट फेब्रुवारी २०१७ मध्ये. त्या वेळी लिनक्सवरील खेळाडूंना विंडोजवरील मित्रांशी खेळताच येत नव्हते. ‘रॉकेट लीग’ने तर मार्च २०२० मध्ये लिनक्स पोर्टचा ऑनलाइन आधार काढूनच घेतला, आणि त्यानंतर लोक विंडोजची आवृत्ती प्रोटॉनवर खेळू लागले. पोर्टला आयुष्यभर निगा लागते आणि ती निगा करणाऱ्याला त्यातून उत्पन्न दिसले पाहिजे. ते दिसेनासे झाले की पोर्ट मागे पडतो.

तिसरी पायरी: स्टीममध्ये निवड करणे

स्टीमच्या सेटिंग्जमध्ये ‘कम्पॅटिबिलिटी’ हा विभाग आहे. जुन्या स्टीममध्ये तिथे सर्व खेळांसाठी स्टीम प्ले, म्हणजे प्रोटॉनची सोय, सुरू करण्याचा पर्याय स्वतः निवडावा लागत असे. अलीकडच्या आवृत्तीत तो मुळातच सुरू असतो. त्यानंतर पोर्ट नसलेला खेळ उतरवला, की स्टीम योग्य वाटेल तो प्रोटॉन आपणहून जोडते.

नवागतांना बहुधा ठाऊक नसलेली गोष्ट पुढे आहे. ज्या खेळाला नेटिव्ह पोर्ट आहे, त्यालाही प्रोटॉनवर चालवता येते. यादीत खेळाच्या नावावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे, ‘कम्पॅटिबिलिटी’त जाऊन ठरावीक साधन सक्तीने वापरण्याच्या चौकटीत खूण करावी आणि खाली उलगडणाऱ्या यादीतून प्रोटॉनची आवृत्ती निवडावी. स्टीम मग लिनक्सच्या फाइली काढून विंडोजच्या फाइली उतरवते. मोठ्या खेळाच्या बाबतीत हे डाउनलोड कित्येक गिगाबाइटचे असते; मोबाइलच्या डेटावर काम भागवणाऱ्यांनी हा प्रयोग विचारपूर्वक करावा. खूण काढली की उलटा प्रवास होतो.

त्याच यादीत ‘स्टीम लिनक्स रनटाइम’ नावाचे पर्यायही दिसतात. ते नेटिव्ह पोर्टसाठी आहेत. दहा वर्षांपूर्वीचा पोर्ट त्या काळच्या लायब्ररींवर बेतलेला असतो आणि आजच्या डिस्ट्रोमध्ये त्या लायब्ररी बदललेल्या असतात, म्हणून तो सुरूच होत नाही. रनटाइम त्याला जुन्या, स्थिर लायब्ररींचा बंदिस्त संच पुरवतो. ‘स्काउट’ हा संच उबंटू १२.०४ वर आधारलेला आहे, तर ‘स्नायपर’ डेबियन ११ वर. पोर्ट सुरू होत नसेल तर प्रोटॉनकडे वळण्याआधी हा उपाय करून पाहावा. यात एक विसंगतीही दडलेली आहे: लिनक्सवर सर्वांत स्थिर राहिलेला पाया विंडोजचा आहे, कारण वाइन वीस वर्षांपूर्वीच्या विंडोज कार्यक्रमांच्या अपेक्षा आजही जपतो, आणि लिनक्सच्या स्वतःच्या लायब्ररी तितक्या जपत नाहीत.

अदलाबदल करण्यापूर्वी सेव्ह फाइलींची प्रत काढणे अत्यावश्यक आहे. नेटिव्ह आवृत्ती आपली प्रगती होम फोल्डरातील एखाद्या लपलेल्या जागी ठेवते. युनिटीवर बनलेले खेळ, उदाहरणार्थ, ‘कॉन्फिग’ फोल्डरातील ‘युनिटी३डी’मध्ये. प्रोटॉनवरील आवृत्ती मात्र त्या खेळापुरत्या तयार केलेल्या बनावट सी ड्राइव्हमध्ये ती ठेवते. स्टीम क्लाउड दोन्हींना जोडून देईलच असे नाही. काही खेळांत जोडते, काहींत दोन्ही आवृत्त्यांची प्रगती वेगळीच राहते. हा सी ड्राइव्ह शोधण्यासाठी राइट क्लिकच्या मेनूतून खेळाच्या फाइलींचे फोल्डर उघडावे, तिथून दोन पायऱ्या वर ‘स्टीमॲप्स’मध्ये यावे आणि ‘कॉम्पॅटडेटा’ उघडावे. आत खेळांची नावे नसून क्रमांक असतात. आपल्या खेळाचा क्रमांक त्याच्या स्टीम पानाच्या पत्त्यात दिसतो.

चौथी पायरी: पारख

खेळ सुरू झाला म्हणजे निवड बरोबर ठरली असे नव्हे. मँगोहड हे साधन बसवून पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेमचा दर आणि प्रत्येक फ्रेमला लागणारा वेळ पाहावा. सरासरी दरापेक्षा फ्रेमच्या वेळेचा आलेख सपाट आहे की अधूनमधून उसळतो, हे महत्त्वाचे. डोळ्यांना खटकतात त्या उसळ्या. प्रोटॉनवर पहिल्या अर्ध्या-एक तासात अशा उसळ्या जास्त दिसल्या तर त्या शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारे चित्रणाचे छोटे कार्यक्रम) तयार होत असल्याच्या असू शकतात आणि पुढे कमी होतात. स्टीम काही शेडर आधीच उतरवून ठेवते, तो ‘व्हल्कन शेडर्स’वर प्रक्रिया सुरू असल्याचा संदेश त्याचाच, कंटाळून तो वगळू नये.

त्यानंतर गेमपॅड, पूर्ण पडदा, मित्रांशी ऑनलाइन जोडणी आणि मॉड (खेळात इतरांनी केलेले बदल) यांची चाचणी घ्यावी. मॉड वापरणाऱ्यांसाठी विंडोजची आवृत्ती बहुधा सोयीची पडते, कारण मॉड बनवणारे तिच्यासाठीच बनवतात. हे सर्व पहिल्या दोन तासांत उरकावे: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांहून कमी असेल तर स्टीम पैसे परत करते.

खेळ चालला नाही तर

एका वेळी एकच बदल करावा आणि पुढील क्रम सोडू नये. प्रथम ‘प्रोटॉन एक्सपेरिमेंटल’ निवडून पाहावा, कारण नव्या खेळांसाठीच्या दुरुस्त्या तिथे आधी येतात. त्याने भागले नाही तर मागची एखादी स्थिर आवृत्ती निवडावी. मग सेव्हची प्रत काढून ‘कॉम्पॅटडेटा’तील त्या खेळाचे फोल्डर हटवावे; पुढच्या वेळी प्रोटॉन ते नव्याने तयार करतो आणि आवृत्त्या बदलताना साचलेला गोंधळ निघून जातो. एवढ्यावरही उपाय झाला नाही, तर प्रोटॉनअप-क्यूटी या छोट्या साधनातून जीई-प्रोटॉन ही स्वयंसेवी आवृत्ती बसवावी. खेळातील चित्रफितींच्या जागी रंगीत पट्टे दिसत असतील तर मात्र थेट याच उपायाकडे यावे. व्हिडिओ उलगडणाऱ्या काही कोडेकवर पेटंटची बंधने असल्यामुळे व्हॉल्वच्या प्रोटॉनमध्ये ते नसतात, आणि जीई-प्रोटॉनमध्ये ते घातलेले असतात.

इंटरनेटवर सापडलेले लांबलचक लाँच पर्याय (खेळ सुरू करताना द्यायच्या आज्ञा) डोळे झाकून चिकटवू नयेत. त्यांतले निम्मे कधीकाळच्या दोषांवरचे उतारे असतात आणि आज तेच नवा दोष निर्माण करतात.

स्टीमबाहेरचे खेळ

एपिक आणि जीओजी या दुकानांतील खेळांसाठी हिरोइक गेम्स लाँचर हा कार्यक्रम सर्वांत सोपा आहे. तो प्रोटॉन स्वतः उतरवतो आणि प्रत्येक खेळासाठी वेगळे फोल्डर ठेवतो. जीओजीवर काही खेळांचे लिनक्स इन्स्टॉलर मिळतात. हिरोइकमध्ये उतरवताना कोणती आवृत्ती हवी ते निवडता येते. ल्युट्रिस या दुसऱ्या लाँचरमध्ये जुन्या सीडीवरील खेळांपासून एम्युलेटरपर्यंत सर्व एकत्र ठेवण्याची सोय आहे, पण नवागताने तिकडे थोडे स्थिरावल्यावर जावे.

तिसरी वाट

जुन्या खेळांच्या बाबतीत पोर्ट आणि प्रोटॉन या दोन्हींहून सरस असा एक पर्याय अनेकदा उपलब्ध असतो: खेळाचे इंजिनच मुक्त स्वरूपात नव्याने लिहिलेले किंवा मूळ निर्मात्याने खुले केलेले. ‘डूम’चा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला झाला, ‘क्वेक ३’चा २००५ मध्ये, आणि म्हणूनच हे खेळ आजच्या कोणत्याही लिनक्सवर अस्सल नेटिव्ह स्वरूपात चालतात. ‘मॉरोविंड’साठी ओपनएमडब्ल्यू, ‘ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स’साठी ओपनटीटीडी, माउसने क्लिक करत खेळायच्या जुन्या साहसकथांसाठी स्कमव्हीएम असे प्रकल्प आहेत, आणि ते बहुतेक डिस्ट्रोंच्या भांडारात आयते मिळतात. कंपनीने हात काढून घेतला म्हणून हे पोर्ट बंद पडत नाहीत, कारण त्यांचा कोड कोणालाही पुढे नेता येतो.

यात ध्यानात ठेवायचे एवढेच, की इंजिन मुक्त असले तरी चित्रे, आवाज आणि नकाशे यांचे हक्क बहुधा मूळ कंपनीकडेच असतात. ‘मॉरोविंड’ खेळण्यासाठी तो स्टीमवर किंवा जीओजीवर विकत घ्यावा, हिरोइक किंवा स्टीममधून त्याच्या विंडोज आवृत्तीच्या फाइली उतरवाव्यात, मग ओपनएमडब्ल्यूचा लाँचर उघडावा आणि विचारल्यावर त्याला ‘डेटा फाइल्स’ हे फोल्डर दाखवावे. ओपनटीटीडीला तेवढेही लागत नाही. ओपनजीएफएक्स हा मुक्त चित्रसंच तो पहिल्यांदा सुरू होतानाच उतरवून घेतो.